गिरणगावची भाकरी : दळण, भाजणी व साठवण

भाकरी तव्यावर भाजली जाते हे खरे; परंतु ती चांगली होणार की वाईट, याचा निर्णय तवा तापण्याच्या पुष्कळ आधी झालेला असतो. खळ्यावर धान्य किती वाळले, कणगीत ते कसे राहिले आणि दळून आणलेले पीठ डब्यात किती दिवस पडून राहिले, या तिन्ही गोष्टी भाकरीत उतरतात. यांपैकी पहिल्या दोन शेतकऱ्याच्या हातच्या आहेत. तिसरी गृहिणीच्या हातची आहे. या दोघांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असते व बहुधा एकास दुसऱ्याच्या अडचणीची कल्पना नसते. मुंबईतील लालबाग, परळ, दादर व गिरगाव या भागांतील घरांचा या दृष्टीने विचार केल्यास शेतकरी बंधूंना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना उपयोगी अशा अनेक गोष्टी हाती लागतात. कारण घाटावरील ज्वारी-बाजरी आणि कोकणातील तांदूळ-नाचणी या भागात गिरणी कामगारांच्या पाठोपाठ आली व तेथे टिकून राहिली.

गिरणगाव आणि तेथील खाणावळी

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी सन १८५४ मध्ये ताडदेव येथे केली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि या सर्व परिसरास 'गिरणगाव' हे नाव पडले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इत्यादी जिल्ह्यांतून आलेले कामगार चाळींच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. ज्यांची कुटुंबे गावी होती, त्यांचे जेवण शेजारच्या एखाद्या बाईच्या घरी, म्हणजे खाणावळीत होत असे. घाटावरच्या माणसास ज्वारी-बाजरीची भाकरी हवी, कोकणातल्या माणसास तांदळाची अथवा नाचणीची हवी. शिवाय गिरणी पाळ्यांमध्ये चालत असल्यामुळे सर्वांचे जेवण एकाच वेळी होत नसे. पहिल्या पाळीसाठी केलेली भाकरी काही तासांनंतरही मऊ राहिली पाहिजे, ही त्या अन्नपूर्णेची रोजची कसोटी होती.

या स्त्रियांची आर्थिक स्थिती मात्र बिकट होती. जेवणारे महिन्याच्या पगारावर पैसे देत आणि तोवर धान्य वाण्याकडून उधारीवर घ्यावे लागे. या कर्जातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने सन १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळू लागले आणि केवळ भाकरी थापण्याच्या कौशल्यावर बँक विश्वास ठेवू शकते, हे सिद्ध झाले. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सामील होते. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, कामगार गावी परतले आणि पुष्कळ खाणावळींची चूल विझली. आज त्याच भागात पोळी-भाजी केंद्रांतून भाकरी नगावर विकली जाते, नोकरदार कुटुंबे ती विकत नेतात आणि त्यावर अनेक स्त्रियांचा संसार चालतो. भाकरी मोडली, कडू निघाली किंवा चिवट झाली, तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून भाकरीचे शास्त्र हा येथे केवळ चवीचा विषय नाही. तो पोटाचा विषय आहे.

पिठाची विरी म्हणजे काय?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन तयार होते. त्यामुळे कणीक ताणली जाते, पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत हे ग्लुटेन नाही. मग भाकरी एकसंध कशी राहते? पिठातील पिष्टमय पदार्थ उकळत्या पाण्याने फुगतो व खळीसारखा चिकट होतो. हातान मळताना हीच खळ पिठाच्या कणांना बांधून ठेवते. पिठाच्या या बांधून धरण्याच्या गुणास गृहिणी 'विरी' म्हणतात. ताज्या पिठास विरी भरपूर असते. पीठ जुने झाले की ती कमी होते आणि भाकरी थापताना कडांना चिरा पडू लागतात. गृहिणी म्हणते, "पिठाची विरी गेली." हा दोष तिच्या हाताचा नसून पिठाच्या वयाचा असतो.

धान्याची निवड व वाळवण

भाकरीसाठी रब्बी ज्वारीस नेहमीच अधिक मागणी असते. खरीप ज्वारी पक्व होण्याच्या वेळी पाऊस सापडल्यास कणसावर बुरशी चढते, दाणा काळवंडतो व भाकरीस रंग आणि चव राहत नाही. रब्बी ज्वारी कोरड्या हवेत पिकते. म्हणून तिचा दाणा पांढरा, टपोरा व चमकदार राहतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ ही जात भाकरीच्या गुणामुळे अनेक दशके लोकप्रिय आहे. त्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीस सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले रेवती हे वाण निवडता येतात.

साठवणीपूर्वी धान्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या वर नसावा. दाणा दाताखाली धरला असता 'कट्' असा आवाज होऊन फुटावा; दबला तर धान्यास आणखी ऊन द्यावे. वाळविलेले धान्य गरम असतानाच पोत्यात भरू नये. ते रात्रभर सावलीत पसरून थंड करावे, अन्यथा आत घाम सुटून बुरशी धरते. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचावीत. हवाबंद कोठी अथवा अनेक पदरी हवाबंद पिशव्या वापरल्यास आतील प्राणवायू संपून कीड आपोआप मरते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसांच्या जिवावर बेततो. चाळीतील एकाच खोलीत धान्य व माणसे एकत्र असतात, म्हणून तेथे हा धोका विशेष आहे.

दळण : थोडे पण ताजे

पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. पीठ ही आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे देशावर पंधरा-वीस दिवस चालणारे पीठ तेथे लवकर बिघडते. या भागातील जुन्या गृहिणी धान्य महिन्याचे भरतात, पण दळण आठवड्याचे करतात. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. अखंड दाण्याचे टरफल आतील स्निग्धांशाचे रक्षण करते. दळल्याबरोबर ते रक्षण संपते.

बाजरीच्या बाबतीत तर फारच दक्षता घ्यावी लागते. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, म्हणजे ज्वारी व गहू यांपेक्षा अधिक असतो. दळल्यानंतर पिठातीलच द्रव्ये त्या स्निग्धांशाचे विघटन करतात आणि आठवड्याभरात पिठास कडवटपणा व कुबट वास येतो. यावर एक सोपा उपाय आहे. एक भाग बाजरीस पाच भाग या प्रमाणात पाणी उकळावे, त्यात स्वच्छ बाजरी सुमारे अर्धा मिनिट बुडवून लगेच उपसावी आणि उन्हात खडखडीत वाळवून मग दळावी. या उष्णतेने विघटन घडविणारी द्रव्ये निष्क्रिय होतात व पीठ पुष्कळ अधिक दिवस गोड राहते. विक्रीसाठी पीठ तयार करणाऱ्या महिला बचत गटांनी ही पद्धत अवश्य शिकून घ्यावी.

गिरणीतून आणलेले पीठ गरम असते. ते तसेच डब्यात झाकून ठेवल्यास झाकणाखाली पाणी सुटते. म्हणून पीठ परातीत पसरून निवू द्यावे व मगच कोरड्या डब्यात भरावे. जुन्या पिठावर नवे पीठ ओतू नये. डबा प्रत्येक वेळी पुसून, उन्हात तापवून घ्यावा. कोपऱ्यांत राहिलेल्या जुन्या पिठातच भुंगेऱ्यांची अंडी असतात.

थापणे व भाजणे

एका वेळी एक किंवा दोन भाकरींपुरतेच पीठ मळावे. मध्ये आळे करून त्यात उकळते पाणी घालावे, चमच्याने कालवावे व हाताला सोसेल इतके निवल्यावर तळहाताच्या टाचेने चांगले रगडावे. नुसते एकत्र करणे पुरेसे नाही. रगडण्यानेच विरी येते. तांदूळ व नाचणी यांची उकड काढावी, म्हणजे पाण्याला आधण आल्यावर त्यातच पीठ घालून झाकण ठेवून वाफ द्यावी व मग मळावे.

भाकरी थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. याने वरचे कोरडे पीठ भिजते व भाकरीस चिरा पडत नाहीत. हे पाणी सुकण्याच्या बेतात आले की भाकरी उलटावी. उशीर केल्यास पृष्ठभाग कोरडा पडून तडकतो. घाई केल्यास भाकरी तव्यास चिकटते. दुसरी बाजू पूर्ण भाजल्यावर पहिली बाजू विस्तवावर धरावी. आत कोंडलेली वाफ दोन थरांना दूर लोटते, पापुद्रा सुटतो व भाकरी टम्म फुगते. भाकरी फुगली याचा अर्थ ती आतपर्यंत शिजली. न फुगलेली भाकरी मध्यभागी ओली राहते व तीच प्रथम आंबते.

भाजलेली भाकरी कशी ठेवावी?

भाकरी तव्यावरून काढल्याबरोबर डब्यात कोंडू नये. ती प्रथम बुरडाच्या टोपलीत उभी टेकवून ठेवावी, म्हणजे जादा वाफ निघून जाते. दोन-तीन मिनिटांनी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. फडके वाफेचे पाणी टिपून घेते व भाकरीचा मऊपणाही राखते. धातूच्या डब्यात फडक्याशिवाय ठेवलेल्या भाकरीवर झाकणाचे पाणी ठिबकते व ती चिकट होते.

शिळी भाकरी अथवा पाव कडक होतो, तो केवळ पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. शिजताना फुगलेला पिष्टमय पदार्थ थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बसू लागतो, हे त्याचे मुख्य कारण होय. ही क्रिया शीतकपाटातील थंडीत सर्वांत जलद होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, जरी त्यावर बुरशी उशिरा येते. पाव वा भाकरी त्याच दिवशी संपणार असेल तर ती बाहेरच ठेवावी. अनेक दिवस ठेवावयाची असल्यास बर्फ गोठविणाऱ्या खणात घट्ट गुंडाळून ठेवावी. खाण्यापूर्वी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केल्यास ती पुन्हा मऊ होते. मात्र हा मऊपणा थोडाच वेळ टिकतो.

बुरशी आलेला तेवढाच भाग काढून उरलेला खाणे चुकीचे आहे. बुरशीचे तंतू डोळ्यांस दिसत नाहीत तेथवर पोहोचलेले असतात. असे अन्न गाई-म्हशींनाही घालू नये. बुरशीतील विष जनावरांस बाधते व दुधात उतरू शकते.

अधिक काळ टिकविण्याचा सर्वोत्तम मार्ग सोलापूरकडील स्त्रियांनी कधीच शोधून ठेवला आहे. तो म्हणजे कडक भाकरी. ज्वारी वा बाजरीची भाकरी शक्य तितकी पातळ थापून मंद आचेवर पाण्याचा अंश राहणार नाही अशी भाजतात. ओलावा नसल्यामुळे तीवर बुरशी धरत नाही व हवाबंद डब्यात ती अनेक आठवडे टिकते. शेंगाच्या चटणीबरोबर ती मुंबईतही आवडीने खाल्ली जाते आणि बचत गटांसाठी तो एक चांगला व्यवसाय ठरला आहे.

पाव : बेकरीचा आणि घरचा

'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून गोव्यामार्गे आला. गोव्यात पीठ आंबविण्यासाठी माडाच्या ताडीचा उपयोग होत असे. मुंबईत गोवेकर व इराणी बेकरीवाल्यांनी पावाचा प्रसार केला. गिरगावनजीक धोबी तलाव येथील कयानी कंपनी हे इराणी उपाहारगृह सन १९०४ पासूनचे आहे. पाळीवर धावणाऱ्या कामगारास पाव सोयीचा होता, आणि १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर मिळू लागलेल्या वडापावाने त्यास घरोघरी पोहोचविले. सन १९६५ मध्ये केंद्र शासनाने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली व कापलेला डबलरोटीचा पाव सर्वत्र दिसू लागला. ही कंपनी सन २००० मध्ये खाजगी क्षेत्राकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या कारणास्तव लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामुळे लाकडाच्या भट्टीतील पावाचा काळ संपत आला आहे.

घरी पाव करण्यास मोठी भट्टी लागत नाही. निम्मी कणीक व निम्मा मैदा मिळून ५०० ग्रॅम पीठ, ३०० ते ३२५ मिलिलिटर कोमट पाणी, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट, १० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर व २५ ग्रॅम तेल घ्यावे. दहा मिनिटे मळून, झाकून, पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवावे. मुंबईच्या उष्ण हवेत यास तास-दीड तास पुरतो. मग गोळे करून तेल लावलेल्या ताटलीत चिकटून मांडावेत व आणखी अर्धा तास फुगू द्यावेत. जाड बुडाच्या पातेल्यात स्वच्छ वाळूचा थर तापवून त्यावर तिवई ठेवावी, तीवर ही ताटली ठेवून घट्ट झाकावे व मध्यम आचेवर ३० ते ४० मिनिटे भाजावे. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली असता पोकळ आवाज यावा. तो पूर्ण निवाल्याखेरीज कापू नये किंवा डब्यात भरू नये. पिठात एक पंचमांशापर्यंत ज्वारीचे पीठ मिसळता येते. त्याहून अधिक मिसळल्यास ग्लुटेन कमी पडून पाव बसतो.

आस्वाद

ज्या अन्नाची चव जिभेवर राहते तेच घरात टिकते. ज्वारीची गरम भाकरी पिठल्याबरोबर, बाजरीची लोणी व ठेच्याबरोबर, तांदळाची माशाच्या कालवणाबरोबर आणि नाचणीची सुक्या जवळ्याबरोबर खावी. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. म्हणून वाढत्या मुलांना ती आठवड्यातून दोन-तीन वेळा अवश्य द्यावी. उरलेली भाकरी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिल्यास न्याहारी होते; ताकात कालविल्यास उन्हाळ्यात ती सुखकर लागते. पाव उसळीबरोबर खाल्ल्यास कडधान्याचे प्रथिनही पोटात जाते.

उत्पादकाने काय करावे?

गेल्या काही दशकांत राज्यातील ज्वारीचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले. सन २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले व शहरात भाकरीची आवड पुन्हा वाढू लागली आहे. परंतु लालबागच्या चाळीतील गृहिणीस भाषणे नकोत; तिला विरी असलेले पीठ हवे आहे. तिला दोनदा कडू बाजरी मिळाली की ती तिसऱ्यांदा पावच आणते, आणि एक ग्राहक शेतकऱ्याच्या हातून जातो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात पुढील गोष्टी घडवून आणाव्यात. शेतकऱ्यांनी एकाच वाणाची ज्वारी वेगळी ठेवावी. नवा-जुना माल एकत्र करू नये. विक्रीपूर्वी ती चाळून, वाळवून पाच-दहा किलोच्या पिशव्यांत भरावी व पिशवीवर वाण आणि काढणीचा महिना लिहावा. शेतकरी गटाने शहरातील पोळी-भाजी केंद्रांशी व गृहनिर्माण संस्थांशी थेट बोलणी करून दर महिन्यास ठरलेला माल पोहोचवावा. पीठ विकावयाचे असल्यास त्यावर दळणाची तारीख असलीच पाहिजे. आणि मागविणाऱ्याने दोष सांगितल्यास तो रागावर न घेता खळ्यापर्यंत शोधून काढावा.

खळे, कणगी, गिरणी, डबा व तवा ही एकाच साखळीची कडी आहेत. गावातील शेतकऱ्याने पहिली दोन मजबूत केली, तर शहरातील गृहिणी उरलेली तीन सांभाळण्यास समर्थ आहे. भाकरी टम्म फुगली की तिचे श्रेय दोघांचेही असते.